पाठीराखा काका : श्रीमंत चिमाजीअप्पा

॥ श्री ॥

मराठ्यांच्या इतिहासात काका हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच प्रसंग उभा राहतो. दिनांक ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सवाचे दिवस, पुण्याचा शनिवारवाडा, पाठीमागे तलवारी उपसलेले गारदी आणि जीव वाचविण्यासाठी काकाकडे धावत सुटलेला अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा. काकाला मिठी मारूनही त्या दिवशी पुतण्याचा जीव वाचला नाही. रघुनाथरावांच्या त्या एका कृत्याने काका या पवित्र नात्याला जो डाग लागला, तो दोनशे वर्षे लोटून गेली तरी पुसला गेलेला नाही. थोरली माणसे आजही भाऊबंदकीची गोष्ट निघाली की हाच दाखला देतात.

परंतु त्याच घराण्यात, त्याच वाड्यात, या प्रसंगापूर्वी तेहेतीस वर्षे एक दुसरा काका होऊन गेला, याची आठवण फारच थोड्यांना असते. त्याने पुतण्याला हाताशी धरून कारभार शिकविला, थोरल्या भावाच्या पाठीशी तो वीस वर्षे उभा राहिला, देवाला बोललेला नवस त्याने फेडला आणि पेशवेपदाची वेळ आली तेव्हा ते पद पुतण्याच्या हाती सुखरूप सोपवून आठ महिन्यांच्या आत त्याने जगाचा निरोप घेतला. त्या थोर पुरुषाचे नाव श्रीमंत चिमाजीअप्पा. आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पुरा होत असताना या पुण्यवान पुरुषाचे चरित्र आठवणे उचित होईल.

बालपण व घराणे

चिमाजीअप्पा हे पहिले भट घराण्यातील पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे चिरंजीव. भट घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना वतन व घरदार सोडून घाटावर यावे लागले. सासवडच्या पुरंदरे मंडळींशी त्यांचा स्नेह जडला आणि त्या परिसरात कुटुंब स्थिरावले. अप्पांचा जन्म इ. स. १७०७ च्या सुमाराचा. थोरले बंधू बाजीराव हे इ. स. १७०० मधले, म्हणजे दोघांत सुमारे सात वर्षांचे अंतर. भिऊबाई व अनुबाई या दोन बहिणी. मातोश्री राधाबाई या सिन्नरजवळच्या डुबेरे येथील बर्वे घराण्यातल्या. अत्यंत करारी, धार्मिक आणि सर्व घरावर मायेची पाखर घालणारी अशी ही माउली होती.

इ. स. १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले. परंतु हे सुख घराला फार काळ लाभले नाही. दिनांक २ एप्रिल १७२० रोजी सासवड मुक्कामी बाळाजी विश्वनाथांचे देहावसान झाले. त्या वेळी बाजीराव वीस वर्षांचेही पुरे झालेले नव्हते व चिमाजीअप्पा अवघे तेरा वर्षांचे होते. पंधरा दिवसांतच शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. दरबारातील अनेक वयोवृद्ध मानकऱ्यांना हे रुचले नव्हते. पोरसवदा पेशवा, कर्जाचा डोंगर, घरात विधवा आई आणि पाठीशी फक्त तेरा वर्षांचा भाऊ, अशी त्या घराची स्थिती होती.

याच काळापासून दोघा भावांमध्ये कामाची एक वाटणी ठरून गेली. त्याचा कधी कागद झाला नाही की करार झाला नाही. थोरल्याने घोड्यावर बसून मुलूख मारावा आणि धाकट्याने सातारा व पुणे सांभाळावे. सातारच्या दरबारात शाहू महाराजांची मर्जी राखणे, विरोधकांच्या हालचालींवर नजर ठेवणे, मोहिमेवर गेलेल्या फौजेला पैसा पोहोचविणे, सावकारांचे तगादे थोपविणे आणि आईच्या व घरातील लेकराबाळांच्या प्रकृतीकडे पाहणे, ही सारी कामे अप्पांकडे आली. स्वारीवर मिळालेला विजय लोकांना दिसतो. त्या स्वारीच्या मागे ज्याने दाणागोटा व रोकड यांची जुळवाजुळव केलेली असते, त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

रणांगणावरील अप्पा

याचा अर्थ अप्पा केवळ कारभारीच होते असे मात्र नाही. दिनांक २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात धारजवळील अमझेरा येथे त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर व त्याचा नातलग दया बहादूर यांच्या फौजेचा पराभव केला. दोघेही मोगल सरदार त्या लढाईत पडले. अप्पांचे वय त्या वेळी एकवीस वर्षांच्या आसपास होते. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार यांच्यासारखे कसलेले सरदार त्यांच्या हाताखाली लढले. माळव्याची वाट या विजयाने मोकळी झाली.

दुसरा मोठा प्रसंग कोकणातला. चिपळूणजवळच्या श्रीक्षेत्र परशुरामचे देवस्थान सिद्दी सात या सिद्दीच्या सरदाराने इ. स. १७२७ मध्ये लुटून उद्ध्वस्त केले. तेथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी यांनी कोकण सोडले व साताऱ्याजवळ धावडशी येथे वास्तव्य केले. शाहू महाराज व पेशवे बंधू या सर्वांचीच स्वामींवर श्रद्धा होती. देवस्थानाची ही विटंबना सर्वांच्या मनात सलत राहिली. अखेर एप्रिल १७३६ मध्ये अलिबागच्या उत्तरेस रेवसच्या परिसरात अप्पांनी सिद्दी सातास गाठले आणि तेथे झालेल्या लढाईत तो मारला गेला. श्रीवर्धनच्या ज्या घराण्याला सिद्दीपायी परागंदा व्हावे लागले होते, त्याच घराण्यातील धाकट्या मुलाच्या हातून हे कार्य झाले. परशुरामाचे देवस्थानही पुढे पुन्हा उभे राहिले व आजही तेथे नित्य पूजाअर्चा चालू आहे.

वसईची मोहीम व नवस

अप्पांचे नाव अजरामर झाले ते मात्र वसईच्या मोहिमेमुळे. वसई, साष्टी व आसपासचा उत्तर कोकण इ. स. १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. या दोनशे वर्षांत अनेक देवळे पाडली गेली होती. हिंदूंना उघडपणे लग्नमुंजी करण्यास व धर्मकृत्ये करण्यास मनाई होती, धर्मांतरासाठी जुलूम होत असे. अंजूर गावचे गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांचे बंधू यांनी ही गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत पोहोचविली आणि मोहिमेसाठी वाटाडे, माणसे व खबरा पुरविण्याचे मोलाचे काम केले. हा सर्व मुलूख खाड्यांनी चिरलेला, दलदलीचा, दगडी किल्ल्यांनी जखडलेला. घाटावरच्या घोडदळाला येथे दौडता येत नव्हते. इ. स. १७३७ मध्ये ठाण्याचा कोट व साष्टी बेट हस्तगत झाले. परंतु वसईचा किल्ला मात्र दोन वर्षे दाद देईना.

वसईच्या वाटेवर तानसा नदीच्या परिसरात वडवली येथे अप्पांचा तळ पडला असता त्यांनी श्रीवज्रेश्वरी देवीला नवस केला, अशी परंपरा आहे. गुंज येथील देवीचे जुने ठाणे पोर्तुगीज अमदानीत मोडले होते व देवीची स्थापना वडवलीस झाली होती. वसई हाती आली तर देवीचे मंदिर किल्ल्यासारखे बांधून देईन, अशा आशयाचा तो नवस होता. अप्पांची प्रकृती मुळात नाजूक होती. छातीचा विकार व खोकला त्यांना वरचेवर छळत असे. कोकणातील दमट हवा तर त्यांना मुळीच मानवत नव्हती. तरीही इ. स. १७३८ च्या अखेरीस ते स्वतः कोकणात उतरले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागून एक घेण्यात आली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर हे जिवाभावाचे सरदार गोळी लागून पडले. हे दुःख गिळून अप्पा वसईस येऊन भिडले.

वसईच्या किल्ल्याला समुद्र व खाडी यांचा वेढा आहे. जमिनीची बाजू काय ती उत्तरेकडची, व तीही रेताड. खंदक खणावे तर वाळू ढासळावी, मोर्चे बांधावे तर वरून तोफांचा मारा व्हावा, अशी परिस्थिती होती. याच सुमारास उत्तरेत नादिरशहाने दिल्ली लुटली आणि तो दक्षिणेकडे येतो की काय, ही धास्ती सर्वत्र पसरली. बाजीरावांना उत्तरेकडे फौज हवी होती आणि चांगली फौज तर वसईस गुंतून पडलेली. वेढा उठवावा तर दोन वर्षांचे श्रम व हजारो माणसांचे बलिदान पाण्यात जाणार, न उठवावा तर भाऊ अडचणीत. अप्पांनी वेढा अधिकच आवळला आणि काम लवकर उरकण्याचा निश्चय केला.

मे १७३९ च्या प्रारंभी तटाखाली सुरुंग भरून अखेरचा हल्ला करण्यात आला. काही सुरुंग वेळेवर उडाले, तर काही उशिरा उडून आपल्याच माणसांच्या अंगावर तट कोसळला. लोक चढत होते व पडत होते. अशा वेळी, किल्ला घेता येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत जाऊन पडेल असे करा, या अर्थाचे उद्गार अप्पांनी सरदारांपुढे काढले, अशी आख्यायिका महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. ते ऐकून फौजेला चेव चढला. दोन दिवसांच्या घनघोर झुंजीनंतर बुरूज हाती आले व पोर्तुगीजांनी तहाचे निशाण दाखविले. या मोहिमेत मराठ्यांची पाच हजारांच्या आसपास माणसे कामी आली अथवा जखमी झाली, असे इतिहासकार सांगतात. एवढी माणसे कोणत्या गावची होती, कोणाची मुले होती, याची यादी कोठेही लिहिलेली नाही.

विजयानंतर अप्पांचे जे वर्तन झाले, ते विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. एवढी जीवितहानी झाली असताना सूडाची भावना होणे स्वाभाविक होते. तथापि किल्ल्यातील पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, बायकामुलांसह व चीजवस्तूंसह मानाने बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली व त्यासाठी मुदतही ठरवून देण्यात आली. जे मागे राहू इच्छीत होते त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. वसई भागात आजही मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आपले सणवार करीत गुण्यागोविंदाने नांदत आहे. ज्या जुलमाविरुद्ध तलवार उचलली, तोच जुलूम जिंकल्यावर आपण दुसऱ्यावर करावयाचा नाही, हा विवेक अप्पांनी राखला. खऱ्या धर्मनिष्ठेची ही खूण होय.

नवस फेडला गेला. सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या देखरेखीखाली श्रीवज्रेश्वरीचे मंदिर उंच टेकाडावर, भोवती कोटासारखी भिंत घालून उभारण्यात आले. भिवंडी तालुक्यातील हे देवस्थान व जवळचे अकलोली, गणेशपुरीचे उन्हाळे यांच्या दर्शनासाठी व स्नानासाठी आजही दूरदूरचे लोक जातात. पायऱ्या चढून वर जाणाऱ्या भाविकाला बांधकामाची मजबुती पाहून नवस बोलणाऱ्याची आठवण होते. परंतु दगड वाहणारे, चुना मळणारे, पायऱ्या घडविणारे हात वेगळेच होते आणि त्या हातांशिवाय नवस फिटला नसता. वसईहून आणलेल्या मोठ्या घंटा भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळील मेणवली इत्यादी ठिकाणी आजही पाहावयास मिळतात.

घरातील अप्पा

अप्पांच्या स्वतःच्या संसारात सुख थोडेच होते. ऑगस्ट १७३० मध्ये त्यांच्या पत्नी रखमाबाई यांना पुत्र झाला. तेच पुढे पानिपतावर गाजलेले सदाशिवरावभाऊ. परंतु बाळ महिन्याचे होण्याच्या सुमारासच रखमाबाई वारल्या. आईविना पोराला आजी राधाबाईंनी वाढविले. पुढे दुसरा विवाह झाला, पण आयुष्याचा बहुतेक काळ अप्पांचा मुक्काम घरापेक्षा छावणीत व दरबारातच अधिक पडला.

बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेब यांचा जन्म डिसेंबर १७२० चा. वडील सतत मोहिमेवर. त्यामुळे मुलाच्या शिक्षणाचा भार काकांवर पडला. पत्र कसे लिहावे, हिशेब कसा तपासावा, छत्रपतींपुढे कसे वागावे, कोणाशी किती बोलावे व कोठे गप्प राहावे, याचे धडे नानासाहेबांना अप्पांच्या सहवासात मिळाले. पुढे नानासाहेबांनी कारभारात व हिशेबात जी शिस्त आणली, तिचे मूळ या शिकवणुकीत आहे. आपल्याकडे वडिलांपाशी मूल सहसा बोलत नाही, ते काकापाशी बोलते. पेशव्यांच्या घरातही तसेच होते.

या घरावर एक अवघड प्रसंग आला. बाजीराव व मस्तानी यांच्या संबंधावरून कुटुंबात व पुण्याच्या ब्रह्मवृंदात मोठी अस्वस्थता पसरली. इ. स. १७३९-४० मध्ये, म्हणजे वसईच्या विजयाला वर्षही झाले नव्हते तोच, मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवण्यात आले. यात नानासाहेबांचा व अप्पांचाही हात होता. अप्पांना एकीकडे आईची चिंता, कुळाची अब्रू व घरातील मंगलकार्ये आणि दुसरीकडे ज्या भावाला देवासमान मानले त्याचे दुःख, अशी ओढाताण सोसावी लागली. वसईचा तट फोडणाऱ्या पुरुषाला घरातील ही भिंत फोडता आली नाही. पुढे मार्च १७४० मध्ये त्यांनी नानासाहेबांना पत्र लिहून आपली हतबलता कळविली. भावाचे मन शांत करण्याचा आपण पुष्कळ यत्न केला, परंतु ईश्वरेच्छा निराळी दिसते, अशा अर्थाचा त्यात मजकूर होता. मस्तानीला भावाकडे पाठवून द्यावे, असाही त्यांचा विचार झाला होता. परंतु त्याला उशीर झाला. थोर माणसाच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. घरासाठी झटणाऱ्या माणसाच्या हातूनही घरातल्या माणसावर अन्याय होऊ शकतो आणि तो उमगेपर्यंत वेळ निघून जाते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

भावाचा वियोग

फेब्रुवारी १७४० मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. या मोहिमेत दोघे भाऊ एकत्र होते. तह झाल्यावर बाजीराव उत्तरेकडे नर्मदेच्या वाटेने निघाले व अप्पा परतले. दोघांची ती अखेरचीच भेट ठरली. दिनांक २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ज्वराने बाजीरावांचे निधन झाले. त्या वेळी अप्पा व नानासाहेब आंग्र्यांच्या भांडणामुळे कुलाब्याकडे गुंतलेले होते. तेथेच त्यांना ही दुःखद वार्ता समजली. ज्याच्या पाठीमागे उभे राहण्यात वीस वर्षे घालविली, तो भाऊच पुढे उरला नाही.

आता प्रश्न पेशवेपदाचा. नानासाहेब एकोणीस वर्षांचे. रघुजी भोसले यांच्यासारखे बलाढ्य सरदार बारामतीकर बाबूजी नाईकांना पेशवेपद मिळावे म्हणून खटपट करीत होते. अप्पा तेहेतीस वर्षांचे, वसईचे विजेते, दरबाराचे सर्व डावपेच जाणणारे. मनात आणले असते तर त्यांच्या नावाचा विचार झाल्यावाचून राहिला नसता. परंतु तसा विचारही त्यांच्या मनाला शिवल्याचे कोठे दिसत नाही. थोरल्या भावाच्या मुलाचे ते आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. ते पुतण्याला घेऊन साताऱ्यास गेले आणि जून १७४० मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते नानासाहेबांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली.

अखेर

वसईच्या मोहिमेने प्रकृती आधीच खालावली होती. त्यात भावाच्या मृत्यूचा घाव बसला. छातीचा विकार बळावत गेला. दिनांक १७ डिसेंबर १७४० रोजी चिमाजीअप्पा कैलासवासी झाले. बाजीराव गेल्यापासून आठ महिनेही पुरे झालेले नव्हते. वृद्ध मातोश्री राधाबाईंना आठ महिन्यांत दोन कर्ते मुलगे गमवावे लागले. इ. स. १७३५ मध्ये याच माउलीने काशीयात्रेला प्रस्थान ठेवले होते व मुलांच्या नावाच्या दराऱ्यामुळे वाटेत राजेरजवाड्यांनी तिचा मानसन्मान केला होता. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच हा प्रसंग तिच्यावर आला. अप्पांचा सदाशिव त्या वेळी दहा वर्षांचा होता आणि बाजीरावांचा धाकटा रघुनाथ अवघा सहा वर्षांचा.

पुण्यात मुठेच्या काठी श्रीओंकारेश्वराचे मंदिर आहे. ते बाजीराव व अप्पांच्या हयातीतच, इ. स. १७३८ च्या सुमारास बांधून पुरे झाले. त्याच ओंकारेश्वराच्या सान्निध्यात अप्पांची समाधी आहे. वाहनांच्या गर्दीतून पूल ओलांडताना ती पटकन ध्यानात येत नाही.

दोन काका

यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ हे नानासाहेबांचा उजवा हात झाले. वडिलांनी जे बाजीरावांसाठी केले, तेच मुलाने चुलतभावासाठी केले. दिनांक १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेबांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला. विश्वासरावाचे काका असलेले भाऊसाहेब त्यानंतर रणांगण सोडून परतले नाहीत. पुतण्या पडला तेथेच काकाही पडला. चिमाजीअप्पांचे रक्त व संस्कार दोन्ही तेथे दिसून आले.

आणि दुसरा पुतण्या रघुनाथराव. अप्पा गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, म्हणजे काकाचे बोट धरून चालण्याचे त्याचे वय अजून संपलेही नव्हते. अटकेपर्यंत मजल मारणारा हा शूर पुरुष पुढे अधिकाराच्या लोभाने स्वतःच्या पुतण्याच्या जिवावर उठला. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याला दोषी ठरविले. अप्पा आणखी पंधरा-वीस वर्षे जगते तर घराचा इतिहास बदलला असता की काय, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु एवढे खरे की, ज्या घरात पहिला काका पुतण्याला गादीवर बसवून समाधानाने गेला, त्याच घरात दुसऱ्या काकाने गादीपायी पुतण्या गमावला. राज्य तेच, वाडा तोच, नातेही तेच. मला काय मिळणार, हा प्रश्न एकाने कधी विचारला नाही आणि दुसऱ्याने जन्मभर दुसरे काही विचारले नाही.

आपल्या गावातही प्रत्येक घराच्या उंबऱ्याआड असा एखादा काका असतो किंवा होऊन गेलेला असतो. भावाच्या मुलांच्या शाळेची फी भरणारा, बहिणीच्या लग्नासाठी स्वतःचे लांबविणारा, बांधाच्या भांडणात स्वतः एक पाऊल मागे घेऊन घर एकत्र ठेवणारा. सात-बाऱ्यावर त्याचे नाव शेवटी असते आणि कामाला मात्र तो सर्वांत आधी उठतो. सप्ताहाची पंगत वाढून झाल्यावर तो शेवटी बसतो. त्याचा कोणी पुतळा उभारीत नाही. त्याच्या माघारी घर जेव्हा विस्कटू लागते, तेव्हा त्याची किंमत सर्वांना कळते.

मंदिराच्या या जीर्णोद्धारातही असे पुष्कळ हात लागलेले आहेत. देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातील व या स्मरणिकेतही छापली जातील, ते योग्यच आहे, कारण त्यांच्या दानावाचून कळस चढला नसता. परंतु ज्यांनी उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहिले, ज्यांनी रात्री जागून सिमेंटच्या गोणी राखल्या, ज्यांनी वर्गणीसाठी उंबरे झिजविले व दोन शब्द उणे ऐकूनही पुन्हा त्याच दारी गेले, ज्या माताभगिनींनी श्रमदानाच्या माणसांसाठी भाकरी थापल्या, त्यांची यादी कोणत्याही फरशीवर मावणार नाही. वसईच्या तटाखाली पडलेल्यांची यादी जशी कोठे लिहिलेली नाही, तशीच ही यादीही देवाच्या वहीतच राहील.

श्रीवज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना, भीमाशंकरी घंटेचा नाद ऐकताना किंवा पुण्यास गेल्यावर ओंकारेश्वरापाशी क्षणभर थांबून भाविकांनी या पाठीराख्या काकाचे स्मरण करावे आणि घरी परतल्यावर आपल्या घरातील काकाला नमस्कार करावा. तो हयात असेल तर पायांवर डोके ठेवून, व नसेल तर देवापुढे त्याच्या नावाने एक दिवा लावून.

चिमाजीअप्पांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.